पोळ गप्प झाली

तारूची दृष्टी गेली ती एका दिवसात नाही. आधी तिनं उंधियूत दोनदा मीठ घातलं. मग हवेलीत, म्हणजे आमच्या कृष्णाच्या देवळात, ठाकोरजींचा पोशाख पिवळा की केशरी यावरून माझ्याशी कडाकडा भांडली, आणि पोशाख होता हिरवा. मग एकदा दूधवाल्याला व्याही समजून "या, बसा" म्हणत खुर्ची पुढं केली. तो बिचारा बसलाही. मी हसून हसून बेजार झाले, तीही हसली, पण हसताना तिचा हात खुर्चीची पाठ चाचपत होता ते मी पाहिलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवू, म्हणाले. उरलेलंही दिवाळीपर्यंत संपलं. आता तिला उजेड कळतो, आणि उजेडाच्या आड कोणी आलं तर सावली कळते, बस.

तारू म्हणजे तरुलता. अहमदाबादच्या जुन्या शहरात, मोठ्या रस्त्यावरच्या एका लाकडी दरवाज्याच्या आत आमची पोळ. आत एकच गल्ली, दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं, आणि प्रत्येक घरापुढं बसायला दगडी ओटला. ती या पोळेत सून म्हणून आली. मी इथलीच लेक. लग्न केलं नाही, त्यामुळं कायमची लेक. शाळेत मुलींना कवायत शिकवून निवृत्त झाले. शिट्टी शाळेत परत केली, आवाज बरोबर आणला. पोळेतली पोरं अजून मला बघून सरळ उभी राहतात. तारू मात्र पहिल्या दिवसापासून मला घाबरली नाही. लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी पदर सावरत माझ्याकडं आली आणि म्हणाली, "निरूबेन, तुमच्याकडं मोठा आरसा आहे का? सासरच्या आरशात नुसतं नाक दिसतं." तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. निरूबेनची निरू झाली, आणि रागावली की निरूडी.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हेमांग बायको उर्वीबरोबर नदीपलीकडं नव्या वस्तीत राहतो. दर रविवारी येतो, फळं आणतो, औषधांच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणं लावून जातो. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

दृष्टी गेल्यावर पुढच्या वर्षी शरद पुनमेला, म्हणजे कोजागिरीला, तारू हवेलीतून येताना पडली. कपाळाला टाके पडले. हेमांग त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला.

"मम्मी, पुरे झालं आता. सामान भरायचं."

"कुणाचं?"

"तुझं."

"का? मी काय पार्सल आहे?"

"तिकडं लिफ्ट आहे, दिवसभराची बाई आहे, उर्वी घरातच असते..."

"सगळं आहे रे, म्हणूनच नको. मागं राहिले होते ना? एका खुर्चीतून उठवायचे आणि दुसऱ्या खुर्चीत बसवायचे. पंधरा दिवसांत एक भांडण नाही. जे म्हणेन त्याला तुम्ही आपलं 'हां मम्मी, हां मम्मी'. इथं मी रोज कुणाशी तरी भांडते, म्हणून अन्न पचतं माझं."

हेमांगचा चेहरा उतरला. तो माझ्याकडं वळला. "मासी, तुम्ही सांगा हिला. फोन वाजला की हिचंच काही झालं असं वाटतं. ही पुन्हा पडली तर मी काय करू?"

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. पण त्याच्या जागी मी नव्हते. तारू गेली तर सकाळी उठून मी कुणावर खेकसणार होते? माझं तोंड माझ्या आधी धावतं. म्हणाले, "आणि ती एकटी हवेलीत जाऊन एकटी परत आली तर?"

मग त्यानं अटी घातल्या, अगदी वकिलासारख्या. संक्रांतीचे, उत्तरायणाचे पतंग एकदा उतरले की त्याच्या पुढच्या रविवारी. कुणी हात धरायचा नाही. कुणी वाट सांगायची नाही, अगदी "जपून" सुद्धा म्हणायचं नाही. हवेलीत जाऊन परत आली तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर त्याच दिवशी गाडीत बसायचं.

"कबूल," तारू म्हणाली. आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "बाई, तू तोंडाला कुलूप का नाही लावत गं कधी?"

दुसऱ्याच सकाळी आम्ही पोळ शिकायला निघालो. शिकायला म्हणते, कारण मी या गल्लीत जन्मले, तरी मला ती येत नव्हती.

आमची हवेली शेजारच्या पोळेत आहे. मोठ्या रस्त्यानं गेलं तर लांब वळसा आणि रिक्षांची गर्दी. पण आमच्या पोळेच्या बंद टोकाला धनसुखकाकांचं घर आहे. त्याचं पुढचं दार आमच्याकडं आणि मागचं दार हवेलीच्या पोळेत उघडतं. जुन्या काळी दंग्याधोप्यात पळायला असे रस्ते ठेवत. आता दर्शनाला जाणारे सगळे त्यांच्या घरातून जातात. ते जेवत असले तरी आपण जायचं, त्यांनी "या जेवायला" म्हणायचं, आपण "जय श्रीकृष्ण" म्हणायचं आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. त्यांच्या सुनेनं एकदा पुढच्या दाराला कडी लावली होती, तर धनसुखकाकांनी तिला समजावलं की बेटा, हे घर आपलं आहे पण मधला रस्ता पोळेचा आहे.

तर तारूच्या दारापासून धनसुखकाकांच्या दारापर्यंत, तिथून हवेलीपर्यंत. डोळे असले तर चहा उकळेपर्यंत जाऊन याल.

मी कवायतीची बाई. म्हटलं, पावलं मोजायची. तारू मोजायला लागली आणि मध्येच सविताबेननं वरून विचारलं, "तारूबेन, टाके किती पडले?" झालं. तारूनं टाक्यांची सगळी कथा सांगितली आणि पावलं गेली वाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ओरडले, "तू मोजायला निघालीस की गप्पा मारायला?"

"तू डोळे मिटून दोन पावलं टाकून दाखव, मग ओरड."

मला असं कोणी म्हटलेलं चालत नाही. घरी गेले, भावाचा जुना मफलर आणला आणि डोळ्यांवर घट्ट बांधला. पहिल्याच ओटल्यावर नडगी फुटली.

"निरूबेन," कनुभाई शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का हे?"

"या तुम्ही पण. एक भिडू कमी पडतोय."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघी, एक खरी आणि एक खोटी, भिंतीच्या कडेनं चालायचो. लोक हसायचे. मग हसायचं थांबले. कधी थांबले ते मला कळलं नाही, कारण मी ऐकण्यात गुंतले होते.

गल्लीला उतार आहे हे मला ठाऊकच नव्हतं. धनसुखकाकांकडून दरवाज्याकडं येताना पोटऱ्या सैल पडतात, जाताना ताणतात. तारू म्हणाली, "बादली ओतली की पाणी कुठं जातं मग? इतकी वर्षं तुला वाटलं काय, आपोआप जातं?" कनुभाईंचं मशीन लंगडतं, चार टाक्यांनंतर एकदा अडतं. ते डाव्या कानाशी आलं की तारूचं घर मागं पडलं. पुढं सविताबेनकडं खाखरा भाजतात. भाजलेल्या गव्हाचा वास, आणि लाकडी दट्ट्या तव्यावर दाबला की होणारा फसफस आवाज. त्या घराची भिंत बाराही महिने कोमट असते. हात लावून बघा, खोटं वाटेल. तिथून हवा मोकळी होते, कारण छोटा चौक येतो. चौकात पक्ष्यांचा चबुतरा. सकाळी दाणे टाकले की पारवे असे फडफडतात की पंखांचा वारा गालाला लागतो. चौकात गल्ली फुटते. डावीकडं नुसतं बोळकांडं, पुढं भिंत. तिथं महापालिकेचा नळ ठिबकतो. उजवीकडं धनसुखकाकांचा रेडिओ, सकाळपासून भजनं आणि मग बाजारभाव. नळ डावीकडं ठेवायचा, रेडिओ तोंडासमोर. बस, पोचलात.

एकदा मफलर काढल्यावर मला सगळं नको इतकं भडक दिसलं. वायरींचे गुंते, पाण्याच्या काळ्या टाक्या, कुणाच्या तरी घराला लावलेला जांभळा रंग. तारू शेजारी उभी राहून सांगत होती, "बघ, रमणभाईंच्या झरोक्यात अजून पोपटाचा पिंजरा आहे ना? हिरव्या झडपा?" रमणभाई नाहीत, पोपट नाही. झडपांच्या जागी ॲल्युमिनियमची खिडकी आली आहे. मी म्हटलं, "आहे की."

"खोटारडी," ती म्हणाली. "पिंजरा असता तर पोपट बोलला असता. पण राहू दे. माझ्याकडं तो आहे तिथंच बरा आहे."

मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला. मी रोज बघत होते, म्हणून माझ्याकडचं रोज पुसलं जात होतं. तिच्याकडं सगळे होते, जागच्या जागी.

उत्तरायण झालं. तारांवर फाटके पतंग लटकत राहिले. तारू आता एकटी हवेलीत जायची. मी लांबून मागं. एकदाही चुकली नाही. पण माझ्या मनात दुसरीच धास्ती होती. आमची पोळ म्हणजे जिभेला हाड नसलेल्या माणसांचं गाव. तारू दारातून निघाली की कनुभाई म्हणणार "सायकल आहे हां", सविताबेन म्हणणार "थोडं उजवीकडं, तारूबेन", आणि हेमांग म्हणणार, बघा, वाट सांगितली. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी घरोघर फिरले आणि दम भरला.

"उद्या तारू निघाल्यापासून परत येईपर्यंत एक शब्द नाही. 'हं' नाही, 'अरे' नाही. जो बोलेल त्याच्या घरचा चहा मी जन्मात पिणार नाही."

"मग बोलतोच मी," कनुभाई म्हणाले. "चहा तरी वाचेल."

पण सगळ्यांनी मान डोलावली. धनसुखकाकांनी तर माझा हात हातात घेतला. "निरूबेन, काळजी करू नको. आमची तारू आहे ती. तिला काही म्हणजे काही अडचण होऊ देणार नाही." मला भरून आलं.

रविवारी सकाळी मी दार उघडलं तर पोळ ओळखू येईना. लग्नघरासारखी झाडून धुऊन काढली होती. फरशी ओली, चकचकीत. ओटल्यांवरच्या बादल्या, पोत्यांचे ढीग आत. स्कूटर, सायकली दरवाज्याबाहेर. वळणावर लोळणारा कुत्राही कुणी तरी नेऊन बांधला होता. माणसं आपापल्या ओटल्यांवर आंघोळ करून उभी, तोंडावर बोट ठेवून माझ्याकडं बघून मान हलवणारी. कनुभाईंनी मशीनवर चादर टाकली होती आणि ती मला अभिमानानं दाखवली. सविताबेननं तवाच ठेवला नव्हता. गरम वाफ तारूच्या अंगावर नको म्हणून. पारवे पायांत येऊ नयेत म्हणून चबुतऱ्यावर दाणे टाकले नव्हते. धनसुखकाकांनी रेडिओही लावला नव्हता. आणि ठिबकणाऱ्या नळाला कुणी तरी चिंधी बांधली होती, पाय घसरायला नको.

मी, जी रोज मफलर बांधून हीच गल्ली चालले होते, ती मी तिथं उभी राहून त्यांना हात जोडत होते. मला काहीच कळलं नाही. डोळे उघडे होते ना माझे.

हेमांग आला. गाडी दरवाज्याबाहेर लावली. तारूची बॅग त्यानं आधीच डिकीत ठेवली, तारूनंच सांगितलं, "ठेव. हरले तर पुन्हा जिने चढायला लावू नकोस." तिनं धुतलेली पांढऱ्या बुट्ट्यांची साडी नेसली होती. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, "जय श्रीकृष्ण" म्हणाली आणि निघाली. मागं हेमांग आणि मी. तोंड सुटेल या भीतीनं मी सकाळपासून तिच्यासमोर एक शब्दही काढला नव्हता.

पहिली काही पावलं छान गेली. मग तिची चाल मंदावली. कनुभाईंच्या घरापुढून ती गेली आणि तिनं डावा कान किंचित पुढं केला. चादरीखाली मशीन गप्प. कनुभाई श्वास रोखून उभे. तिनं भिंतीला हात लावला. सविताबेनची भिंत ती ओलांडून गेली तरी तिला कळलं नाही, कारण भिंत गार होती. मग मोकळी हवा लागली आणि ती चौकाच्या मधोमध थांबली.

तिथं कुठं मला कळलं. तिची वाट आम्हीच धुऊन टाकली होती.

तारू उभी राहिली. एकदा डावीकडं वळली, एकदा उजवीकडं. पारवे नाहीत, नळ नाही, रेडिओ नाही. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. वाट चुकलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते. हा तो नव्हता. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, अगदी कपाळापर्यंत.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

आमच्या पोळेत कोणी गेलं की असंच होतं. रेडिओ बंद, मशीन बंद, चुली पेटत नाहीत, फरशी धुतात, माणसं ओटल्यांवर येऊन उभी राहतात आणि कोणी बोलत नाही. बरोबर असंच.

"अरे, कोण गेलं?" तिचा आवाज चढला. "कनुभाई? सविता? बोला ना कोणी तरी!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सविताबेननं बोलायला तोंड उघडलंही होतं. मी सांगितलं असतं तर त्या क्षणी सगळी पोळ एकदम बोलली असती. पण एक शब्द, आणि गाडी बाहेर उभी होती. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली. नाही.

तारूनं कान दिला. मला वाटतं, ती एकेक आवाज शोधत होती. कोण खोकतं, कोण नाक ओढतं. पोळेत कधीही गप्प न बसणारा एकच आवाज आहे, आणि तो तिला ऐकू येत नव्हता.

"निरू?" ती म्हणाली. अगदी हळू. "निरू कुठंय?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

ती वळली. देवळाकडं नाही, उलट. आणि चालायला लागली. मघाशी चाचपत आलेली बाई भिंतीला हात न लावता गल्लीच्या मधून निघाली, ओल्या फरशीवरून, अनवाणी. चपला चौकातच राहिल्या. लोक अंग चोरून बाजूला झाले. हेमांग पुढं धावणार तर मी त्याचा दंड धरला. खरं सांगते, मला हाव सुटली होती. ती चुकत नव्हती. तिचं स्वतःचं घर आलं, गेलं. वळण आलं, ती वळली. मला वाटलं, बघू दे याला. बघू दे एकदा डोळे भरून. माझी मैत्रीण माझं सुतक घेऊन चालली होती आणि मी मागं मागं चालत मनात तिच्या पावलापावलावर पैज जिंकत होते. असलं काळीज माझं.

माझं घर पोळेच्या दरवाज्याशी. आधी तीन सारखे ओटले आहेत. डोळस पाहुणेही हमखास चुकतात. तारूनं एकही चाचपला नाही. ती शोधत नव्हती, ती येत होती. माझ्या ओटल्याच्या पायऱ्या चढली, दाराशी बसली, आणि बंद दाराला विचारलं, "कधी गेली? रात्री गेली का? मला का नाही उठवलं?"

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून पदर निघाला.

"अगं तारू, मी इथं आहे. तुझ्या मागं."

ती वळली नाही. तिला खरं वाटलं नसावं. मी पायरीवर बसले तेव्हा तिचा हात आला, माझ्या चेहऱ्यावरून फिरला, चष्मा, नाक, हनुवटी. आणि मग तिनं माझ्या दंडावर अशी चापट मारली की आवाज गल्लीभर गेला.

"मेलीस असं वाटलं मला, निरूडी! तोंडात काय कोंबलं होतंस?"

"पदर."

"बोल आता. बोल काही तरी."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे. ओरड माझ्यावर."

शाळेत मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडणारी मी. मला एक शब्द सुचेना. मी रडायला लागले, आणि मी रडतेय हे ऐकून सगळी पोळ एकदम बोलायला लागली. कनुभाई म्हणत होते, तरी मी म्हणत होतो बोलू द्या. सविताबेन मला आणि हेमांगला एकाच दमात शिव्या घालत होती. धनसुखकाका एवढंच म्हणत होते, "आम्ही चांगल्यासाठी केलं गं. चांगल्यासाठी केलं."

तारूनं डोळे पुसले आणि हात हवेत पुढं केला. "हेमांग, कुठंयस? चल. हरले मी. हवेली राहिली."

हेमांग खाली, गल्लीच्या फरशीवर, ओल्यातच उकिडवा बसला होता. त्यानं तिचा हात धरला, पण उठला नाही.

"मम्मी, आमच्या मजल्यावरचे एक काका गेले मागच्या महिन्यात. रोज सकाळी माझ्याबरोबर लिफ्टमधून उतरायचे. मला ते गेल्याचं लिफ्टमध्ये लावलेल्या कागदावरून कळलं. फोटो होता म्हणून ओळखलं. नाव मला माहीतच नव्हतं." तो थांबला. "तिकडं तू अशी कुणाच्या दाराशी येशील गं?"

तारूनं दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"राहा तू इथंच," तो म्हणाला. "पडशील. मला माहितीय पडशील. पण इथंच राहा." आणि मग त्यानं मान वर करून मला विचारलं, "पण मासी, तुम्ही आहात ना?"

"आहे की," मी म्हणाले. "मी कुठं जातेय?"

त्यानं मान हलवली आणि तो डिकीतली बॅग काढायला गेला. सविताबेननं चहा पाठवला. तारू माझ्या ओटल्यावर बसून चहा प्याली, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. चहा संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, इतका राग होता. पण दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिच्याहून वयानं मोठी आहे, आणि आजवर मला मरणाचं फारसं काही वाटत नसे. त्या सकाळी तिच्या मुठीत हात ठेवून बसले असताना मला कळलं की हिच्या आधी मरायची मला आता सोय राहिली नाही.